मोर्चा आणि मतपेटी यांच्या मधले काम

१९५७ साली मुंबई महापालिकेतली काँग्रेसची सद्दी संपली. काँग्रेस नेते स. का. पाटलांच्या मुंबईत हे घडेल, असे दोन-तीन वर्षे आधी कोणी म्हटले असते तर त्याला हसण्यावारी नेले असते. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बळावर त्यानंतर लागोपाठ जे महापौर झाले त्यांची नावे एका ओळीत लिहिली तरी त्या आघाडीचा पट दिसतो. शिक्षणक्षेत्रातले आचार्य मो. वा. दोंदे, मीरत खटल्यात तुरुंग भोगलेले कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर, आंबेडकरी चळवळीतले पी. टी. बोराळे. महापौरपद तेव्हा वर्षाचे असे, त्यामुळे घटक पक्षांना ते वाटून घेता आले. गिरणीतला साचेवाला, चाळीत राहणारा कारकून, शाळामास्तर आणि दलित वस्तीतला सफाई कामगार यांनी एकाच बाजूला मत टाकावे, ही या शहरात तोवर न घडलेली गोष्ट होती.

मग १ मे १९६० उजाडला. संयुक्त महाराष्ट्राची मागणी पुरी झाली आणि समितीची वीण उसवत गेली. ज्या शहराची सत्ता तिने मिळवली होती त्या शहरासाठी ती जन्मलीच नव्हती. तिचे ध्येय राज्य होते आणि महापालिका ही त्या वाटेवरची एक चौकी. चाळींचे भाडे, उपनगरांचे पाणी, शाळांच्या इमारती याविषयी समितीत मते होती, कार्यक्रम मात्र नव्हता. या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्याने या कोड्यापासून सुरुवात करावी असे मला वाटते. एवढी मोठी आघाडी शहर जिंकते आणि शहरात तिचे फारसे काही उरत नाही, हे कसे?

हे क्षेत्र अजून नीट आखलेले नाही. विद्यापीठात त्याचा वेगळा विभाग नाही आणि त्यावरची पुस्तके ग्रंथालयात चार वेगवेगळ्या कपाटांत सापडतात. राज्यशास्त्राचे अभ्यासक पक्ष आणि निवडणुका पाहतात, समाजशास्त्रज्ञ झोपडपट्ट्या पाहतात, नगररचनाकार नकाशे पाहतात, कामगार चळवळीचे इतिहासकार संप पाहतात. शहरातल्या आघाड्या या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडतात. म्हणून आधी आपण कशाविषयी बोलतो आहोत ते ठरवून घेऊ. वेगवेगळ्या पोटापाण्याची, जातीची, भाषेची माणसे शहरातल्या एखाद्या प्रश्नावर एकत्र येतात, आपापल्या संघटना न मोडता काही वर्षे बरोबर काम करतात आणि त्यातून महापालिकेचा एखादा निर्णय, नियम किंवा अंदाजपत्रकातला आकडा बदलतो, याला मी नागरी आघाडी म्हणतो. निवडणुकीपूर्वी पक्षांमध्ये होणारी जागावाटपाची युती यात येत नाही. एका दिवसाचा मोर्चाही येत नाही, तो कितीही मोठा असला तरी. आणि पुरोगामी कशाला म्हणायचे? पाणी, जमीन, घर, रस्ता, दवाखाना यांच्या वाटपात ज्याच्या ताटात आजवर कमी पडले त्याच्याकडे थोडे अधिक सरकत असेल तर ते पुरोगामी. व्याख्या ढोबळ आहे. पण तिने काम भागते आणि घोषणांच्या धुरळ्यात ती हातची सुटत नाही.

मोर्च्यांच्या आठवणी लिहिल्या जातात, निवडणुकीचे निकाल छापले जातात. मधली वर्षे मात्र कोणी लिहून ठेवत नाही. बैठकीला सतरंजी कोणी आणली, वॉर्ड ऑफिसात अर्जाची पोच घ्यायला कोण गेले, वर्गणीचे पावतीपुस्तक कोणाकडे होते, दोन संघटनांचे भांडण कोणी मिटवले. आघाड्या मागणीवर उभ्या राहतात हे खरे, पण टिकतात त्या या कामाच्या वाटणीवर. पुढे जी उदाहरणे येतील ती याच बाजूने वाचावीत अशी माझी विनंती आहे.

गोरेगावकडे जरा सावकाश पाहू, कारण तिथला माल समृद्ध आहे. मृणाल गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत आल्या. १९५३ साली त्या गोरेगावच्या ग्रामपंचायतीत निवडून गेल्या. होय, गोरेगावला तेव्हा ग्रामपंचायत होती. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द उत्तरेला दहिसरपर्यंत वाढली आणि गोरेगाव, मालाड, कांदिवलीचे लोक एका रात्रीत मुंबईकर झाले. हद्द वाढवायला राजपत्रातली एक अधिसूचना पुरते. जलवाहिनी टाकायला वर्षे लागतात. या दोन वेगांमधल्या दरीत उपनगरांचे राजकारण जन्माला आले. १९६१ मध्ये मृणालताई महापालिकेत निवडून आल्या आणि पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी इतके रान उठवले की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. हे नाव कौतुकाने घेतले जाते. अभ्यासकाने त्याच्या मागे जावे. पाण्याची मागणी करणाऱ्याला गल्लीगल्लीतले नळ, त्यांच्या वेळा, दाब, कुठला व्हॉल्व्ह कोण फिरवतो हे सगळे ठाऊक असावे लागते. सभागृहातले भाषण त्या माहितीवर उभे असते आणि ती माहिती बायकांकडून येते, कारण पहाटे उठून हंडा भरणाऱ्या त्याच असतात. नेता आणि वस्ती यांच्यात माहितीची ही देवाणघेवाण होती, म्हणून ते राजकारण टिकले.

१९७२ चा दुष्काळ पडला. धान्य, तेल, साखर, रॉकेल यांची टंचाई आणि भाववाढ घराघरात पोचली. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी. यांच्या पक्षांचे आपसात किती पटत असे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या यादीचे मोल कळेल. पक्षांच्या पातळीवर जे जमत नव्हते ते या बायकांनी जमवले. कसे जमवले? एक तर मागणी अरुंद ठेवली. भाव खाली आणा, साठेबाज पकडा, रेशनवर माल द्या. समाजवाद कुठल्या मार्गाने यावा हा प्रश्न समितीच्या बैठकीबाहेर ठेवला. दुसरे, प्रत्येकीने आपापले क्षेत्र आणले. अहिल्याताईंच्या मागे परळ महिला संघापासूनची, म्हणजे १९४३ पासूनची गिरणगावातली बांधणी होती. मृणालताईंच्या मागे पश्चिम उपनगरांतली मध्यमवर्गीय आणि झोपडपट्टीतली घरे होती. कोणी कोणाच्या गल्लीत शिरून माणसे पळवत नव्हते.

आणि तिसरे ते लाटणे. लाटणे मोर्चा, थाळीनाद यांची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. ती गमतीदार वाटतात, वर्तमानपत्रांनाही तशीच वाटली. पण प्रतीक निवडणे हे संघटनेचे काम असते. लाटणे प्रत्येक घरात आहे, त्याला पैसे पडत नाहीत, ते हातात घेऊन रस्त्यावर येण्यात कायदा मोडत नाही आणि त्यावर कुठल्या पक्षाची मालकी नाही. घराबाहेर पडायला ज्या बाईला नवऱ्याची किंवा सासूची परवानगी लागते, तिला लाटणे घेऊन निघताना कारण सांगावे लागत नाही. यातलीच दुसरी बाजू नंतर अभ्यासकांनी दाखवली. बाईला स्वयंपाकघराच्या नावाने रस्त्यावर आणले की आंदोलन संपल्यावर ती स्वयंपाकघरातच परतते. नंदिता गांधी यांचे ‘व्हेन द रोलिंग पिन्स हिट द स्ट्रीट्स’ हे १९९६ चे पुस्तक या चळवळीवरचे मुख्य लेखन आहे. ते कौतुकाने वाचा आणि वाद घालतही वाचा. आणीबाणीत समितीचे काम थांबले, नेत्या तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर दोघी लोकसभेत पोचल्या आणि ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा घुमली. दिल्लीतली ही बढती महापालिकेच्या सभागृहाला महाग पडली असे माझे मत आहे. सगळ्यांना ते पटणार नाही.

याच काळात शहरात दुसरी एक बांधणी चालू होती, आणि पुरोगामी चळवळीचे अभ्यासक तिच्याकडे नाक मुरडून पाहतात ही आपल्या क्षेत्रातली जुनी खोड आहे. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली. १९६८ ची महापालिका निवडणूक तिने प्रजासमाजवादी पक्षाशी हातमिळवणी करून लढवली, हे आज समाजवाद्यांनाही आठवत नाही. शिवसेनेची ताकद भाषणांत जितकी होती तितकीच शाखेत होती. संध्याकाळी शाखेत बसलेल्या माणसाकडे नळाची तक्रार, शाळेतला प्रवेश, रेशनकार्डावरचे नाव, दवाखान्यातली खाट, नवरा-बायकोचे भांडण असे सगळे येई. काम होईच असे नाही, पण ऐकून घेणारा माणूस ठरल्या जागी ठरल्या वेळी बसलेला असे. डाव्यांचा असा माणूस गिरणीच्या गेटवर होता. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो फसत गेला तसतसे गेटही गेले आणि तो माणूसही. राहत्या गल्लीत बसायला त्याला जागा नव्हती. पुरोगामी आघाड्या मुंबईत मागे का पडल्या, याची वैचारिक कारणे शोधणाऱ्यांनी हे साधे भौगोलिक कारण आधी पाहावे.

आता यंत्रणेविषयी थोडे, कारण परदेशी पुस्तके वाचून आलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. शिकागोत १९८३ साली हॅरोल्ड वॉशिंग्टन महापौर झाले. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि सुधारणावादी गोरे यांची ती आघाडी, आणि तिच्यामागे मतदार नोंदणीचे घरोघर चाललेले काम. पण पन्नास जणांच्या नगर परिषदेत एकोणतीस जण विरोधात गेले आणि काही वर्षे कारभार त्या ओढाताणीत अडकला. बार्सिलोनात घरकर्ज थकल्याने बेघर होणाऱ्यांच्या चळवळीतून अदा कोलाऊ पुढे आल्या. २०१५ साली त्यांच्या आघाडीला ४१ पैकी ११ जागा मिळाल्या, तरी त्या महापौर झाल्या आणि आठ वर्षे राहिल्या. दोन्ही ठिकाणी महापौराच्या हाती निदान कारभाराची किल्ली होती. आपल्याकडे १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने ती आयुक्ताच्या कमरेला बांधली आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. १९९८ मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग झाला, तो वर्षभरात गुंडाळला गेला. म्हणजे शिकागोत कारभार मिळाला तर सभागृह अडवते. मुंबईत सभागृह जिंकले तरी कारभार दुसऱ्याचाच. यामुळे आपल्याकडची शहाणी आघाडी निवडणुकीवर सगळी पुंजी लावत नाही. ती स्थायी समिती, आयुक्तांचे दालन, वॉर्ड ऑफिस, मंत्रालय आणि उच्च न्यायालय अशा पाच दारांवर थापा मारत राहते. कुठले दार कधी ठोठावायचे, हे ज्ञान कार्यकर्त्यांकडे असते, पुस्तकांत नाही.

१ जून १९९३ पासून लागू झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीविषयी बरेच लिहिले गेले आहे, त्यात मी भर घालत नाही. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. महिलांचे आरक्षण महाराष्ट्राने त्याआधीच आणले होते, पुढे २०११ मध्ये ते निम्मे झाले. २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद झाली, सभा मात्र औषधालाही भरत नाहीत. त्यापेक्षा प्रभागरचना पाहा. मुंबई सोडून बाकी महापालिकांत एका प्रभागातून कधी तीन, कधी एक, कधी दोन, तर २०१७ मध्ये चार नगरसेवक निवडून द्यायची पद्धत आली. चारचा प्रभाग म्हणजे इतका मोठा पसारा की एखाद्या वस्तीच्या पाठबळावर उभा राहिलेला अपक्ष कार्यकर्ता त्यात बुडतोच. आघाडी फोडायला पोलीस लागत नाहीत, हद्दीची रेघ पुरते.

पुण्याचे उदाहरण मला विशेष प्रिय आहे, कारण तिथली आघाडी असमान माणसांची आहे आणि तिने ती असमानता लपवली नाही. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरावेचक बायकांमध्ये काम करत होत्या. हमाल पंचायतीचा अनुभव घेऊन डॉ. बाबा आढाव सोबत आले आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पहिली लढाई पैशांची नव्हती, ओळखपत्राची होती. पहाटे पाठीवर पोते घेऊन फिरणाऱ्या बाईला पोलीस चोर समजून हटकतात. महापालिकेच्या मान्यतेचे छायाचित्र असलेले कार्ड तिच्या गळ्यात आले की तोच पोलीस तिला कामावरची बाई समजतो. ते कार्ड मिळवण्यासाठी पंचायतीने एक हिशोब मांडला. या बायका जो कचरा वेचून भंगारात घालतात तो महापालिकेला उचलावा लागत नाही, म्हणजे शहराचा वाहतुकीचा खर्च त्या वाचवतात. दयेच्या याचनेऐवजी टेबलावर हिशोब ठेवला गेला. अधिकाऱ्यांना हिशोबाची भाषा समजते.

२००८ मध्ये त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. घरोघर जाऊन ओला-सुका कचरा घ्यायचा आणि त्याचे मासिक शुल्क नागरिकांनी थेट त्या बाईच्या हातात द्यायचे. या थेट देण्यात सगळी गंमत आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती दारावर येते. सोसायटीचा सेक्रेटरी घासाघीस करतो, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ‘आम्ही गावाला होतो’ म्हणून अर्धे पैसे देतात, कोणी दिवाळीला साडी देऊन शुल्क बुडवतो. जातीची, कामाची, घराची सारी उतरंड त्या दोन मिनिटांत दारात उभी असते. तरीही पुढे करार संपत आला आणि हे काम मोठ्या ठेकेदाराला द्यायची चर्चा सुरू झाली, तेव्हा याच सोसायट्यांमधले नागरिक या बायकांच्या बाजूने बोलले. वर्षानुवर्षे रोज सकाळी दिसणारी व्यक्ती आणि तिचे नाव ठाऊक असणे, यातून एक नाते तयार झाले होते. त्याला एकजूट म्हणावे का? मी म्हणेन. एखादा काटेकोर मार्क्सवादी म्हणणार नाही, आणि त्याच्याकडे कारणे आहेत.

मुंबईत पाण्याचा प्रश्न एका तारखेला येऊन अडला होता. झोपडी अमुक तारखेच्या आधीची असेल तर ‘पात्र’, नंतरची असेल तर ‘अपात्र’. आधी १९९५ ची तारीख होती, मग २००० ची. पात्र वस्तीत काही घरांनी मिळून एक जोडणी घ्यायची, त्यांच्यातला एक सेक्रेटरी, कागदपत्रांच्या झेरॉक्सचा गठ्ठा, परवानाधारक प्लंबर आणि वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या. अपात्र वस्तीत टँकर किंवा चोरून घेतलेले पाणी, दोन्ही महाग. पाणी हक्क समितीने ही गाठ सोडवायला घेतली. जमिनीचा हक्क आणि पाण्याचा हक्क वेगळे करा, घर बेकायदा असेल पण तहान बेकायदा कशी असेल, हा तिचा युक्तिवाद. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि महापालिकेला धोरण करायला सांगितले. ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला २०२२ उजाडले. निकाल आणि धोरण यांच्यामधल्या या साडेसात वर्षांवर कोणी प्रबंध लिहिला तर तो या क्षेत्रातला पायाभूत ग्रंथ होईल. निखिल आनंद यांचे ‘हायड्रॉलिक सिटी’ हे पुस्तक त्याच्या अगदी जवळून जाते.

विकास आराखड्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. २०१४ ते २०३४ साठीचा मुंबईचा आराखडा तयार होत असताना अनेक संघटनांनी मिळून प्रभागवार बैठका घेतल्या. तेव्हाच्या जमीनवापराचे नकाशे वस्त्यांमध्ये पसरून ठेवले. नकाशा वाचायची सवय नसलेल्या बायका आधी रेल्वेची रेघ शोधायच्या, मग नाला, मग आपली गल्ली. आणि मग लक्षात यायचे की वस्तीच्या जागी एक सपाट ठिपका आहे. आत अंगणवाडी नाही, शौचालय नाही, वीस वर्षे चाललेला बाजार नाही. जे नकाशावर नाही त्याला आरक्षण नाही, आणि ज्याला आरक्षण नाही ते उद्या हटवले जाऊ शकते. फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर पन्नास हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या. वस्त्यांमधले लोक, कोळीवाडे आणि गावठाणे, वारसा जपणारे, झाडांसाठी लढणारे, चर्चचे भाविक, शिवाय राजकीय पक्ष. एप्रिलमध्ये सरकारने मसुदा मागे घेऊन दुरुस्त करायला सांगितले. अंतिम आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. या माघारीचे श्रेय प्रत्येकाने आपल्याकडे घेतले. विद्यार्थ्याने इथे सावध राहावे. कारणे अनेक असतात तेव्हा ज्याच्या कागदपत्रांचा संग्रह नीट लावलेला, त्याचे श्रेय इतिहासात मोठे होते.

हेही सांगायला हवे की शहरातली प्रत्येक आघाडी आपल्या व्याख्येत बसत नाही. फेरीवाले हटवा, फुटपाथ मोकळे करा, शेजारची झोपडपट्टी उठवा या मागण्यांवरही लोक एकत्र येतात. सह्या गोळा करतात, चिकाटीने अर्ज करतात, न्यायालयात जातात, आणि अनेकदा गरिबांच्या संघटनांपेक्षा जास्त यशस्वी होतात, कारण त्यांच्यात निवृत्त सचिव आणि वकील असतात. तीच पत्रके, त्याच बैठका, तीच नागरिक ही बिरुदावली. तंत्र सारखे असते, वाटप उलटे होते. स्वतःच्या लाडक्या चळवळींकडेही तटस्थपणे पाहा. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मुंबईत गुजराती कामगार कुठे होता, शाखेच्या गल्लीत उत्तर भारतीय कुठे होता, महागाईच्या मोर्च्यात घरकाम करणारी बाई किती पुढे होती, हे प्रश्न विचारले की आपल्या नायकांचा थोडा राग येतो. येऊ द्या.

सिद्धांताचे म्हणाल तर आंरी लेफेव्रचा ‘शहरावरचा हक्क’ १९६८ पासून जगभर फिरतो आहे, त्याला ओळखून ठेवावे. आपल्याला जास्त उपयोगी पार्थ चॅटर्जींची मांडणी आहे. गरीब लोक राज्यसंस्थेशी नागरिक म्हणून बोलण्याआधी लोकसंख्येचा एक गट म्हणून घासाघीस करतात, असे ते दाखवतात. अर्जुन अप्पादुराईंनी मुंबईतल्या स्पार्क, महिला मिलन आणि झोपडपट्टीवासीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या युतीवर लिहिलेला निबंधही वाचावा. तो आशेने भरलेला आहे. पण सिद्धांत आधी वाचून मग वस्तीत जाणाऱ्यांना वस्तीत सिद्धांतच दिसतो, म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी उलट क्रम सांगतो. आधी लालजी पेंडसे यांचे ‘महाराष्ट्राचे महामंथन’, आधी एस. एम. जोशींचे आत्मचरित्र, आधी अत्र्यांच्या ‘मराठा’चे जुने अंक. गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून इतिहास ऐकायचा असेल तर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी जमवलेल्या मुलाखती. मग महापालिकेच्या सभांची इतिवृत्ते. ती रटाळ असतात. स्थायी समितीत एखादा ठराव ‘दप्तरी दाखल’ झाला, म्हणजे तो संपला, हे कळायला थोडा सराव लागतो.

करायला काम भरपूर आहे. मार्च २०२२ नंतर मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत जवळपास चार वर्षे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात वस्तीतला माणूस तक्रार घेऊन कोणाकडे गेला, माजी नगरसेवक कसे टिकले, वॉर्ड ऑफिसात मधल्या माणसांचे भाव वाढले की उतरले, ही माहिती अजून लोकांच्या आठवणीत ताजी आहे आणि ती झपाट्याने शिळी होईल. आपला बहुतेक अभ्यास मुंबई-पुण्यात अडकला आहे, हेही खरे. मालेगावचे यंत्रमाग, इचलकरंजी, कल्याण-डोंबिवली, नागपूर यांच्यावर बोटावर मोजण्याइतके लेखन आहे.

सोलापूरचेच घ्या. डावे नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने तिथल्या विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षे लढून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत मिळवली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे आणि २००६ मध्ये तिचे उद्घाटन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. एवढा मोठा विजय शहरी गरिबांच्या आघाडीला देशात क्वचित मिळाला असेल. पण कुंभारी सोलापूर शहराच्या बाहेर आहे. ज्या बायकांच्या मोर्च्यांनी शहरातले रस्ते भरत, त्या घर मिळाल्यावर शहराबाहेर राहायला गेल्या. त्यांच्या नळाची, गटाराची, रस्त्याची तक्रार महापालिकेच्या दारावर न जाता गावाकडे वळली. त्याने शहरातल्या डाव्या राजकारणाचे काय झाले, प्रभागांची गणिते कशी बदलली, त्या बायकांनी नव्या ठिकाणी कोणाशी जुळवून घेतले? यातल्या बहुतेकींची घरची भाषा तेलुगू आहे. मराठी आणि तेलुगू दोन्ही येणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने हा विषय हाती घ्यावा. सोलापूरहून कुंभारीला बस जाते आणि दुपारी विड्या वळत बसलेल्या बायका बोलायला मोकळ्या असतात, हात मोकळे नसले तरी.